दिवा कोठें ठेवला?

पतंग म्हणजे दिव्यावर झडप घालून जळून जाणारा अविचारी जीव, एवढीच ओळख आमच्या काव्यानें आम्हांस करून दिली आहे. तो येतो कोठून, आणि तें ठिकाण नाहींसें झाल्यास त्याचें काय होतें, हें विचारण्याचें काम शास्त्रज्ञांकडे राहिलें. अशाच एका शास्त्रीय निबंधाचें परीक्षण येथें योजिलें आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत १९९९ सालीं विलट यांनीं तो प्रसिद्ध केला. बोर्निओ बेटावरील साबा राज्यांत दानुम खोरें आहे. तेथील निवडक वृक्ष तोडून नेलेलें रान आणि कुऱ्हाड न लागलेलें मूळ रान यांतील पतंगांची तुलना हा त्याचा विषय होय.

निबंधांतील पहिला निष्कर्ष वाचकास चकित करतो. एकेक ठिकाण निराळें घेतलें तर पतंगांची विविधता दोन्हीं रानांत जवळपास सारखीच भरते! लांकडाचा ठेकेदार येथेंच निबंध मिटून ठेवील. परंतु मूळ रानाचा तळ व शेंडा एकत्र धरून, नमुन्यांची संख्या सारखी करून हिशेब केला असतां, तोडलेल्या रानांत जाती शेंकडा १७ नीं कमी ठरतात.

हा फरक कां पडावा? मूळ रानाच्या शेंड्यावर पतंगांची एक निराळीच वस्ती असते. तळचे व शेंड्यावरचे पतंग यांत जितकें कमी साम्य आढळलें, तितकें दुसऱ्या कोणत्याही जोडींत आढळलें नाहीं. तोडलेल्या रानांतील कांहीं जाती मूळच्या शेंड्यावरच्याच होत्या. आम्ही याचा अर्थ असा समजतों : मोठे वृक्ष पडले, ऊन जमिनीशीं आलें, आणि शेंड्याची वस्ती दिव्याच्या टप्प्यांत उतरली. रानाच्या कडेलाही असेंच घडावयाचें. तेथें पालवी जमिनीपर्यंत लोंबते, वेली व गवत माजतें, आणि रानांतले व माळावरचे पतंग एकाच दिव्यावर येतात. आंकडा फुगतो, रान वाढलेलें नसतें.

कोणी म्हणेल, जी जात दिव्यावर आली नाहीं ती नष्टच झाली कशावरून? आक्षेप खरा आहे. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें १९३३ पासून चार वर्षांत दिव्याच्या सांपळ्यांत १५,६०९ पतंग व त्यांच्या २४० जाती मिळाल्या. त्यांपैकीं ३५ जातींचा केवळ एकेक पतंग सांपडला. या नोंदींवर फिशर यांनीं १९४३ सालीं आपलें प्रसिद्ध गणित बसविलें. परंतु विलट यांस सुमारें शेंकडा १० जाती मूळ रानांतच मिळाल्या, आणि त्या सर्वच विरळ नव्हत्या; बऱ्यापैकीं संख्येनें असणाऱ्याही त्यांत होत्या. म्हणून हा हानीचा किमान अंदाज, असें ते म्हणतात. हा संयम आम्हांस या निबंधाचा मोठा गुण वाटतो.

आमची तक्रार आहे ती 'विविधता' या शब्दाच्या सैल वापराबद्दल. ज्याची अळी कोठल्याही गवतावर पोसते तो पतंग, आणि ज्याची अळी रानांतल्या एकाच वृक्षावर जगते तो पतंग, हे दोघेही या गणतींत एकेकच. वर्षांत पुस्तकें किती निघालीं यावरून वाङ्मयाची पारख करणाऱ्यास आम्ही हंसतों. रानाची पारख मात्र तशीच होऊं देतों.

उलट, तोडलेलें रान म्हणजे उजाड माळ, असेंही कोणी समजूं नये. पतंगांच्या बहुतेक जाती मूळ रानापुरत्याच बांधलेल्या आढळल्या नाहींत. साबांत तोडून झालेलीं कित्येक रानें पुढें तेलताडाच्या लागवडीखालीं गेलीं. 'आतां येथें राखण्याजोगें उरलें काय?' या प्रश्नाला हा निबंध उत्तर देतो, तें ठेकेदारानें व सरकारनें दोघांनींही वाचावें. मात्र शेंकडा १७ चा तो आंकडा शेंड्यावरही दिवा नेल्यामुळें हातीं आला, हें त्यांनीं विसरूं नये. पुढें कोणी रानाची मोजणी घेऊन आला, तर जाती किती हें विचारण्यापूर्वीं दिवा कोठें ठेवला होता, हें त्यास विचारावें.