दोन दिवसांचे खेडे

आमच्या राईतल्या अव्हेन्यूज मॉलमध्ये 'सूक' नावाचा एक भाग आहे. जुन्या कुवेतच्या बाजाराची ती प्रतिकृती. वर छप्पर, आत गारवा, दोन्ही बाजूंना जुन्या वळणाची दुकाने. खरा मुबारकिया बाजार तिथून गाडीने फार लांब नाही, तरी माणसे हौसेने या नकली बाजारात फिरतात. त्यात फसवणूक मात्र कुणाची होत नाही. २००७ साली उघडलेल्या मॉलमध्ये आपण उभे आहोत हे लहान मुलालाही कळते. पुण्याभोवती गेल्या वीस वर्षांत जे 'ग्रामीण पर्यटन' उभे राहिले आहे, त्याच्याबद्दल मला असेच म्हणता आले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांच्या सुट्टीच्या कार्यक्रमात आता हे एक कलम ठरलेले असते. आठ दिवस सासर, आठ दिवस माहेर, दागिन्यांची खरेदी, दातांचा डॉक्टर आणि मुलांना 'गाव दाखवायला' कृषी पर्यटन केंद्रात दोन दिवस. ज्यांचे स्वतःचे गाव आहे तेही पैसे भरून दुसऱ्याच्या गावी जातात, कारण स्वतःच्या गावातले घर बंद असते किंवा भावकीत अडकलेले असते. मीही गेलो आहे, तीन वेगवेगळ्या ठिकाणी, तीन वेगवेगळ्या वर्षी. त्यामुळे पुढे जे लिहितो ते ऐकीव नाही.

आधी या गोष्टीचे श्रेय ज्यांचे आहे त्यांना ते दिले पाहिजे. नेरळजवळची सगुणा बाग हे या क्षेत्रातले जुने नाव. अमेरिकेतून परत आलेल्या शेखर भडसावळे यांनी ती उभी केली. पाहुण्यांसाठी तिथे तळी आहेत, झाडे आहेत, म्हशीच्या पाठीवर बसणे आहे. पण त्याच शेतात नांगरणी, चिखलणी आणि लावणी टाळून कायमच्या गादीवाफ्यांवर भात घेण्याची पद्धत तयार झाली आणि 'सगुणा राइस तंत्र' म्हणून ती इतर शेतकऱ्यांपर्यंत गेली. पुणे जिल्ह्यात बारामती तालुक्यातून पांडुरंग तावरे यांनी २००५ साली कृषी पर्यटन विकास संस्थेचे काम सुरू केले आणि शेतकऱ्यांना एकत्र करून प्रशिक्षण देण्याची वाट पाडली. २०२० साली महाराष्ट्र सरकारने कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. या सगळ्यामागचा विचार सरळ आहे. भावाचा आणि पावसाचा भरवसा नसलेल्या शेतकऱ्याला शेत न विकता चार पैसे जास्त मिळावेत. या विचाराशी माझे भांडण नाही. त्याच्या नावावर जे विकले जाते त्याच्याशी आहे.

जाहिराती पाहा. मावळात जा, बारामतीकडे जा, नाहीतर अलिबागला जा, खेडे एकच. दारात औक्षण, डोक्याला कोल्हापुरी फेटा, भिंतीवर वारली चित्रे, पानात पिठले-भाकरी आणि ठेचा, रात्री तांबडा-पांढरा रस्सा. वारली चित्रे डहाणू-पालघरकडची, रस्सा कोल्हापूरचा, बाजरीची भाकरी देशावरची. मावळ हा भाताचा मुलूख आहे. इथली जुनी भाकरी तांदळाची नाहीतर नाचणीची. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून इंद्रायणी तांदूळ निघाला, तो १९८७ साली शेतकऱ्यांना मिळाला, आणि आज तो आपल्या कुवेतच्या दुकानातही मागितला जातो. मी ज्या केंद्रात उतरलो होतो त्याच्या खिडकीबाहेर इंद्रायणीचेच खाचर होते, आणि ताटात बासमतीचा जिरा राइस. चौकशी केली तर वाढणारा मुलगा म्हणाला, "पाहुण्यांना मोकळा भात लागतो, काका." त्याचे बरोबरच होते. चिकट भात पाहुण्यांना आवडत नसेल तर तो बिचारा काय करणार? पण मग पाहुण्याने त्या मातीतले पाहिले काय?

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्या मुलांच्या शाळांना जून ते ऑगस्ट सुट्टी. म्हणजे आपण महाराष्ट्र पाहतो तो पावसाळ्यातच. मावळ-मुळशीत हेच दिवस लावणीचे. गुडघाभर चिखलात, पाठीवर इरले नाहीतर प्लास्टिकचा कागद घेऊन माणसे सकाळपासून वाकलेली असतात. मजूर मिळत नाहीत, सावड करून एकमेकांची रोपे लावली जातात. वर्षातले सगळ्यात खरे काम या दिवसांत चालते, आणि पाहण्यासारखे, शिकण्यासारखेही तेच असते. केंद्राच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र 'रेन डान्स' आणि बैलगाडीची फेरी. चिखलणी पॉवर टिलरने होते. बैलजोडी पाळलेली असते ती पाहुण्यांपुरती. माझ्या मुलीने विचारले, "बाबा, हे बैल दुसरे काय करतात?" गाडीवानाने उत्तर दिले नाही, हसला फक्त.

हुरड्याचे मात्र मला कौतुक आहे, जरी आपल्या वाट्याला तो कधी येत नाही. तो थंडीतला. गुळभेंडी ज्वारीची कोवळी कणसे आगटीत भाजायची, तळहातावर चोळायची, शेंगदाण्याची चटणी नाहीतर दही घेऊन तिथेच खायची. पूर्वी हुरड्याला बोलावणे यायचे, तिकीट नसायचे. आता पार्टी झाली म्हणून काहीजण नाक मुरडतात. मी मुरडत नाही. इथे पाहुणा ज्या वस्तूसाठी येतो ती त्या शेतात त्या वेळी खरोखर उगवलेली असते, आणि पिकलेल्या ज्वारीपेक्षा दुधात आलेल्या दाण्याला शेतकऱ्याला चांगले दाम मिळतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी म्हणून 'फुले उत्तरा' सारखे वाण काढले. पर्यटनामुळे पीक टिकले, सुधारले, असे बोट दाखवून सांगता येणारे हे एक उदाहरण आहे.

आता चूल. 'चुलीवरचे जेवण' हे शब्द नसतील तर आज केंद्राची पाटी पुरी होत नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना आली ती चुलीच्या धुराने बायकांच्या छातीचे खोके होते म्हणून. त्या योजनेतून घरी गॅस आलेली बाई शनिवार-रविवारी तो बंद ठेवून पत्र्याच्या शेडमध्ये चुलीपुढे बसते आणि दीड-दोनशे भाकऱ्या थापते, कारण पाहुण्यांना धुराची चव हवी. तिच्याभोवती मोबाइल घेऊन मंडळी उभी. एका भगिनीने तर "मावशी, जरा हसा ना" म्हणून सांगितले. मावशींचे वय त्या भगिनीपेक्षा कमीच असावे. केंद्र नवऱ्याच्या नावावर, पावती पुस्तक दिराच्या हातात, आणि दोनशे भाकऱ्यांचा हिशेब कुठेच नाही. सगळीकडे असेच असते असे मी म्हणणार नाही. पण तीनपैकी दोन ठिकाणी मी विचारले आणि दोन्ही ठिकाणी उत्तर एकच आले: "घरचीच आहे ना ती."

याहून जड गोष्ट जमिनीची. पुण्याच्या पश्चिमेचा जो निसर्ग आपण पाहायला जातो त्याला इतिहास आहे. मुळशीच्या टाटा धरणात पन्नासच्या आसपास गावे बुडणार होती, म्हणून १९२१ साली सेनापती बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झाले. वीज मुंबईला गेली. पुढे पानशेत आले, पवना आले, पाणी शहराला. हिंजवडी आणि चाकणला जमीन कारखान्यांना आणि संगणकांना. पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातले शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले. त्याच पवनेच्या काठाला आज रंगीत तंबूंच्या रांगा आहेत. तंबूंच्या माहितीपत्रकात सूर्यास्त आहे, शेकोटी आहे, गिटार आहे. काठावर भेटणारा माणूस मूळचा पाण्याखालच्या कुठल्या गावचा, याबद्दल एक ओळ नाही. पाणी दिले, जमीन दिली, आणि आता या भागाकडे देखावा तेवढा मागायचा राहिला होता.

गर्दीचे काय होते हेही आपण वाचतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला, चौघे गेले. दोन्ही दिवस रविवार. याला कोणी ग्रामीण पर्यटन म्हणत नाही, हे खरे. पण शहराने आठवड्यातून एकदा खेड्यावर लोटायचे आणि खेड्याला त्याची ना तयारी ना अधिकार, हा व्यवहार दोन्हीकडे सारखाच आहे.

इटलीत यावर एक उत्तर शोधले गेले. १९८५ साली तिथे शेतावरच्या पर्यटनाचा कायदा झाला, २००६ साली तो नव्याने लिहिला गेला. त्याचा गाभा असा की शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणचार त्याला जोडलेला. ज्या दिवशी शेत नावापुरते उरते त्या दिवशी ते हॉटेल होते आणि त्याने हॉटेलाचेच नियम पाळायचे. हा मापदंड मला सर्वांत उपयोगी वाटतो. त्या मापाने सगुणा बाग शेत ठरते. मी पाहिलेल्या तीनपैकी एकच जागा शेत ठरेल. बाकी दोन बागेतली हॉटेले होती, आणि हॉटेल म्हणून वाईट नव्हती.

हे सगळे दुरून दिसते म्हणून बोलतो असे कोणी म्हणेल, तर इथलेच पाहा. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत कुवेती कुटुंबे वाळवंटात तंबू ठोकतात. आजोबा जिथे उंट घेऊन राहिले तिथे नातू जनरेटर घेऊन जातो. त्यात माया आहे, मी ती जवळून पाहिली आहे. पण तंबूंमुळे, गाड्यांच्या चाकांमुळे आणि बेसुमार चराईमुळे अर्फज, म्हणजे कुवेतचे राष्ट्रीय फूल, उघड्या रानातून इतके घटले की ते आता कुंपणाच्या आतच नीट दिसते. तेच वफ्राच्या शेतांचे. खाऱ्या पाण्यावर काकडी-टोमॅटो काढणारी काही शेते आता शुक्रवार-शनिवारच्या भाड्यावर जास्त कमावतात. असो.

हा प्रश्न माझ्यापुरता नुसता चर्चेचा राहिलेला नाही. भोर तालुक्यातल्या माझ्या चुलतभावाने यंदा कळवले की वरच्या वावरात चार खोल्या बांधू, पोहण्याचा हौद करू, दादा तू पैसे घाल. आपण परदेशस्थांना शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. म्हणजे त्या वावरात माझेही नाव आहे आणि घाम मात्र सगळा त्याचा. त्याला नाही म्हणण्याचा अधिकार मला कितपत, हे मी स्वतःला विचारले. मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांकडून त्याच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च निघणार असेल तर इथे एअर कंडिशनरमध्ये बसून खेड्याच्या अस्सलपणावर व्याख्यान देणे मला शोभत नाही.

तेव्हा पैसे देईन म्हणून कळवले. सोबत चार गोष्टी लिहिल्या. हौद नको, त्या पाण्यावर उन्हाळ्यात भाजी होते. खालच्या खाचरातला आंबेमोहोर बंद करायचा नाही, आणि पाहुण्याच्या पानात तोच वाढायचा, चिकट तर चिकट. वहिनीच्या नावाने बँकेत वेगळे खाते, जेवणाचे पैसे थेट त्यात. आणि जुलैत येणाऱ्यांना, ज्यांची इच्छा असेल त्यांना, सकाळी दोन तास चिखलात उतरवायचे; रोपांची जुडी कशी धरायची ते दाखवायचे. यावर तो फोनवर हसला. "दादा, पाहुण्याने लावलेली रोपे दुपारी आम्हालाच परत लावावी लागतील," म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला की बांधाजवळचा एक वाफा तेवढ्यासाठी मोकळा सोडता येईल. हौदाचे मात्र अजून ठरलेले नाही. त्याच्या मते हौद नसेल तर मुले येत नाहीत, आणि मुले आली नाहीत तर आईबापही येत नाहीत.