साधनवर्णनाचे गद्य : सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक

संगणकप्रणालीसोबत येणारे माहितीलेखन हा मराठी समीक्षेने फारसा हाताळलेला विषय नाही. असे लेखन केवळ उपयोगापुरते असते, त्यात वाङ्मयीन विचाराला जागा नाही, अशी समजूत त्यामागे असावी. अलीकडच्या काही वर्षांत मात्र या लेखनाचा वाचकच बदलला आहे. पूर्वी ते पान प्रोग्रॅमर वाचत असे; अडले तर शेजारच्या सहकाऱ्याला विचारी, चार वेळा चालवून पाही. आता तेच पान एआय एजंटही वाचतो. वापरकर्त्याचे काम पार पाडण्यासाठी कोणते साधन केव्हा वापरावे, हे तो स्वतःच ठरवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या मानकात साधनाची ओळख मुख्यतः नाव, वर्णन आणि द्यावयाच्या माहितीचा आराखडा यांवरून होते. साधनाच्या आतील आज्ञावली एजंटाला सहसा दिसत नाही. वर्णनातील दोन-चार वाक्ये हाच त्याचा मुख्य आधार होय.

या वाक्यांवर किती अवलंबून असते, हे अहिल्यानगर जिल्ह्यापुरते पाहिले तरी पुरे. शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या एखाद्या एजंटाला एक साधन दिले आहे आणि त्याचे वर्णन 'तालुक्याचा आजचा पाऊस देते' एवढेच आहे, अशी कल्पना करावी. वाचताना हे वाक्य निर्दोष वाटते. परंतु कर्जत तालुका या जिल्ह्यात आहे तसा रायगड जिल्ह्यातही आहे. एक अवर्षणप्रवण, तर दुसरा सह्याद्रीच्या पायथ्याचा, मुसळधार पावसाचा. मिरजगावच्या शेतकऱ्याला रायगडचा आकडा सांगितला गेला तर पेरणीच फसण्याचा संभव आहे. जिल्ह्याचे नाव मागून घेतले तरी अडचण पुरती सरत नाही. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, आणि त्यापूर्वीच्या नोंदी जुन्या नावाने आहेत. साधन यांपैकी कोणते नाव ओळखते, याबद्दल वर्णन मौन पाळते. 'आजचा' हा शब्द तर त्याहून फसवा. भारतीय हवामान विभागाचा दैनिक पाऊस सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा असतो. म्हणजे आजचा म्हणून मिळणारा पाऊस बहुतांशी कालचा असतो. शिवाय उत्तर शून्य आले, तर पाऊस पडला नाही की नोंदच पोहोचली नाही? गावातल्या जाणत्या माणसाला ही शंका आली असती. एजंटाला ती येईलच असे नाही. तो सफाईदार मराठीत उत्तर देऊन मोकळा होतो.

वक्ता समोर नसताना त्याचे वचन कसे वाचावे, हा प्रश्न मराठीला नवा नाही. महानुभाव पंथापुढे तो तेराव्या शतकातच उभा राहिला होता. गोदाकाठच्या डोमेग्रामासारख्या ठिकाणी चक्रधरस्वामी बोलले तेव्हा ऐकणाऱ्याला प्रसंग ठाऊक होता. वचने संकलित होऊन सूत्रपाठ सिद्ध झाला, तेव्हा तो प्रसंग गळून पडला. केशिराजबासांच्या दृष्टांतपाठाची रचना या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. त्यात आधी सूत्र, मग दृष्टांत आणि अखेरीस त्या दृष्टांताचा सूत्राशी मेळ घालणारे दार्ष्टांतिक येते. सूत्र व दृष्टांत चक्रधरांचे, दार्ष्टांतिक केशिराजबासांचे. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे सांगणारे 'प्रकरणवश' पुढे वेगळे लिहावे लागले. ही तुलना फार ताणू नये. मोक्षाचा विचार आणि मिलिमीटरचा हिशेब एका पंक्तीत बसत नाहीत. तथापि वरील साधनवर्णनात नेमके काय नाही, हे या रचनेमुळे ध्यानात येते. तेथे सूत्र आहे, पण दृष्टांत, दार्ष्टांतिक आणि प्रकरण ही तिन्ही नाहीत.

डिसेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनेच प्रसिद्ध केलेल्या एका मार्गदर्शनपर लेखात साधनवर्णन कनिष्ठ प्रोग्रॅमर सहकाऱ्यासाठी लिहावे तसे लिहावे, असा सल्ला आहे. तो अपुरा वाटतो. कनिष्ठ सहकारी गोंधळला तर त्याच्या चेहऱ्यावर ते दिसते. त्याच लेखातील दुसरा अनुभव अधिक मोलाचा आहे. फाइलचा सापेक्ष पत्ता चालत असे तेव्हा मूळ फोल्डरबाहेर गेलेले प्रारूप चुका करी. साधनाने पूर्ण पत्ताच मागावा असा बदल केल्यावर त्या थांबल्या. म्हणजे काही दोष शब्द वाढवून जात नाहीत, साधनच बदलावे लागते. उपरोक्त वर्णन मग असे होईल : 'दिलेल्या जिल्ह्यातील दिलेल्या तालुक्याचा, दिलेल्या तारखेस सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये देते. जिल्हा देणे आवश्यक. अहमदनगर व अहिल्यानगर ही दोन्ही नावे चालतात. उदाहरणार्थ, कर्जत, अहिल्यानगर. नोंद नसल्यास शून्य न देता तसे कळवते. पुढील दिवसांच्या अंदाजासाठी वापरू नये.' शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, आणि बहुधा तेच लिहिले जात नाही.

क्षेत्रफळाच्या बाबतीत तर वर्णनकर्त्याला गावाची भाषाच ठाऊक असावी लागते. सातबाऱ्यावर २.२० म्हणजे दोन हेक्टर वीस आर, सुमारे ५.४४ एकर, बोलण्यात मात्र कोणी 'दोन वीस' म्हणाला तर तो दोन एकर वीस गुंठे, अर्थात अडीच एकर सांगत असतो. खताची मात्रा काढणाऱ्या साधनाच्या वर्णनात 'क्षेत्र : संख्या' एवढेच असेल, तर या दोहोंतला दुपटीहून मोठा फरक शेतात पडणाऱ्या खताच्या गोण्यांतच दिसेल.