बॉय

त्याचं असं झालं. परवा रविवारी आमचे चिरंजीव इंग्रजीची वही पुढ्यात घेऊन बसले होते. "बाबा, बॉय म्हणजे काय?" बी. कॉम. झालेल्या बापाला झेपेल असा प्रश्न अलीकडे वर्षातून एखादाच येतो. मी झटकन म्हणालो, "बॉय म्हणजे मुलगा." तेवढ्यात बेल वाजली. आतून सौ.चा आवाज आला, "अहो, डिलिव्हरी बॉय आलाय वाटतं, बघा जरा!"

दार चिरंजीवांनीच उघडलं. दारात साठीला टेकलेले, पांढऱ्या मिशांचे, वसईच्या पावसात नखशिखांत भिजलेले एक गृहस्थ तीन जिने चढून धापा टाकत उभे! चिरंजीवांनी त्यांच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी काउंटरवर फाटक्या नोटेकडे पाहतो.

बँकेत हिशेब जुळला नाही की रात्री झोप लागत नाही. म्हणून मी यूल आणि बर्नेल या साहेबद्वयाचा 'हॉब्सन-जॉब्सन' काढला. हिंदुस्थानात राहून साहेबाच्या तोंडी बसलेल्या शब्दांचा हा १८८६ सालचा जाडजूड कोश. (बिचारे बर्नेल १८८२ मध्येच वारले, छापील प्रत पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.) मोहरमच्या 'या हसन, या हुसेन'चा गोऱ्या शिपायांनी केलेला चेंदामेंदा ज्याच्या मुखपृष्ठावर आहे, त्या ग्रंथात विद्वत्तेला विनोदाचं वावडं नाही, हे मान्यच करायला हवं.

त्यात 'बॉय'ला दोन अर्थ दिलेत. एक नोकर. दुसरा पालखी वाहणारा. आणि हा दुसरा बॉय इंग्रज नव्हेच! तो दक्षिणेतला 'बोयी', म्हणजे आपला भोई! दोन निरनिराळ्या खात्यांतल्या रकमा एकाच लेजरात पडाव्यात, तसा हा प्रकार. सोळाव्या शतकातल्या गोव्याच्या पोर्तुगीज दप्तरात साहेबावर छत्री धरणारा माणूसही बॉयच. १५३४ ते १७३९ अशी दोनशेपाच वर्षं पोर्तुगीज आमच्या वसईतही होते. त्यांचा 'पगार' हा शब्द आपण ठेवून घेतला. आमच्या बँकेतला 'प्यून'ही मूळचा त्यांचाच; म्हणजे पायदळातला शिपाई.

बरं, इंग्रजांचा स्वतःचा बॉय तरी मुलगा होता का? तोही नाही. इंग्रजीत हा शब्द सातशे वर्षांपूर्वी आला तो नोकर, हलका माणूस या अर्थाने. मुलगा हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. काही पंडित तर त्याचं मूळ जुन्या फ्रेंचमधल्या 'बेड्या घातलेला' या शब्दात शोधतात. म्हणजे चिरंजीवांच्या वहीतलं माझं उत्तर चूक आणि सौ.ची हाक शास्त्रशुद्ध! (हे मी घरात बोललेलो नाही.) आणि आपण तरी कुठले साळसूद? हॉटेलात टेबल पुसणाऱ्या चाळिशीच्या माणसाला 'ए पोऱ्या' म्हणायला आपल्याला साहेब लागला नाही.

या कोशाबद्दल माझी एकच तक्रार आहे. साहेबांनी शब्दागणिक जुने उतारे दिलेत, सालासकट. पण ते सगळे पालखीत बसलेल्यांचे. पालखी खांद्यावर असलेल्याचा एकही नाही. मेम्फिसच्या सफाई कामगारांनी १९६८ साली संपात 'मी माणूस आहे' असे फलक गळ्यात घातले, कारण गोरे लोक बापयाला 'बॉय' म्हणत. तो उतारा या कोशात येणं शक्य नव्हतं, हे मला कळतं. पण मग निदान माझा तरी घ्या.

माझे वडील फोर्टातल्या एका कचेरीत बॉय होते. विसाव्या वर्षी चिकटले, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. त्यांचं लग्न झालं, आम्ही तीन भावंडं झालो, ताईच्या लग्नात त्यांनी कर्ज काढलं. पण कचेरीच्या कागदावर ते अडतीस वर्षं बॉयच. मी आठ वर्षांचा असताना एकदा मे महिन्यात त्यांच्याबरोबर गेलो होतो. आतून घंटी वाजली आणि हाक आली, "बॉय!" इंग्रजी नुकतंच सुरू झालेलं, मला वाटलं, मलाच बोलावलं. मी तरातरा केबिनमध्ये गेलो. मागून अप्पा धावत आले. साहेब खो खो हसले, अप्पाही हसले. परतताना मात्र विरारपर्यंत अप्पा एक शब्द बोलले नाहीत. नालासोपाऱ्याला गाडी रिकामी झाली, तरी बसले नाहीत.

चिरंजीवांच्या वहीत मी खाडाखोड केली नाही. बाईंना मुलगाच हवा असणार. पण काल पुन्हा बेल वाजली, तेच गृहस्थ! मी अदबीने म्हणालो, "या काका, पाणी घेणार?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "काका राहू द्या साहेब, आधी ओटीपी सांगा."