सुधाकराचा मानीपणा

१९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सुधाकरास व्यक्तिमत्त्वविकाराचा रुग्ण ठरविण्याचा मोह आजच्या टीकाकाराने आवरावा. सुधाकर विलक्षण मानी आहे खरा. मुन्सफाशी खटका उडून सहा महिने सनद जाते आणि त्या अपमानाच्या दाहावर तळीराम प्याला पुढे करतो. परंतु मानीपणा हा स्वभावविशेष होय. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२ पासून अमलात आलेले वर्गीकरण नुसत्या स्वभावविशेषास विकार म्हणत नाही. स्वतःविषयीची जाणीव व नातीगोती दीर्घकाळ बिघडली आहेत काय, हे ते प्रथम पाहते. प्याल्यापूर्वीचा सुधाकर तर कर्तबगार वकील आणि प्रेमळ पती आहे.

श्रीपेरुंबुदूर ही रामानुजाचार्यांची जन्मभूमी. गुरूने गुप्त राखावयास सांगितलेला मंत्र त्यांनी गोपुरावरून सर्वांस ऐकविला, नरकाचीही पर्वा केली नाही, अशी आख्यायिका आहे. हाही हट्टच, पण त्याला विकार कोण म्हणेल?

सुधाकर आरंभापासून रोगी मानला, तर शोकांतिकेचे केवळ रुग्णपत्रक उरते. निरोगी माणूस ढासळतो, म्हणूनच सिंधूचे दुःख आपणांस जाळते. कचेरीतील हेकट सहकाऱ्यास ‘विकृत’ म्हणण्यापूर्वीही हा विवेक स्मरावा.