पदवीपूर्व संशोधन : दोन दाखले

ज्ञान आधी संपादन करावे व संशोधन मागाहून, हा क्रम आपल्याकडे स्वयंसिद्ध मानला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानेही तो मोडलेला नाही. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यालाच तेथे चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवीचा मार्ग खुला होतो.

हा क्रम तपासून पाहण्याजोगा आहे. १९२८ साली जर्मन पदार्थविज्ञानवेत्ते आर्नोल्ड झोमरफेल्ट मद्रासला आले असता प्रेसिडेन्सी कॉलेजातील विद्यार्थी सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर त्यांना भेटले. आपण अभ्यासलेला पुंजसिद्धान्त जुना झाला, हे त्यांना तेव्हा कळले. झोमरफेल्टांनी आपल्या नव्या निबंधाची मुद्रिते त्यांच्या हाती दिली. पुढल्याच वर्षी चंद्रशेखरांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये गणिताकडून इंग्रजीकडे वळलेल्या विल्यम एम्प्सनने काव्यातील अनेकार्थतेविषयीची आपली कल्पना आय. ए. रिचर्ड्स यांच्यापुढे मांडली. तीतून १९३० चा ‘सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्विटी’ हा ग्रंथ सिद्ध झाला.

दोघेही असामान्य बुद्धीचे होते, हा आक्षेप रास्त आहे. तथापि दोन्ही ठिकाणी गुरूने विषय नेमून दिला नव्हता. एकाने शिष्याच्या ज्ञानातील उणीव दाखविली, दुसऱ्याने त्याचे म्हणणे ऐकून घेतले. पुढील श्रम विद्यार्थ्याचे होते. गुणांची अट प्रवेशाच्या सोयीची असेल. प्रश्न पडण्यास ती लागत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न विचारल्यास तो ऐकण्यास आपल्या विभागात कोणाला किती सवड आहे, याची नोंद मात्र कोणत्याही आराखड्यात होत नाही.