फुटांत मोजलेलं शिल्प

मांडव्याच्या धक्क्यावर उतरून आवास-किहीमच्या दिशेनं निघालं की सासवणे लागतं. तिथं नानासाहेब करमरकरांचं घर आहे. आता ते त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय झालंय. शे-दीडशे शिल्पं आहेत, पुढाऱ्यांचे आणि संस्थानिकांचे चेहरे आहेत, पण पहिल्यांदा आलेला माणूस थबकतो तो म्हशीपाशी. म्हैस सिमेंटची आहे. करमरकरांना सिमेंटचं मोठं वेड होतं. संगमरवराची ऐट त्याला नाही, ब्राँझची चकाकी नाही, वर ते भराभर घट्ट होतं आणि मातीसारखं पुन्हापुन्हा हात फिरवू देत नाही. पण म्हशीचं कातडं दुसऱ्या कशात इतकं खरं उतरलं असतं का, शंका आहे. ते खरखरीत आहे, जाड आहे, धुळकट आहे. सिमेंटचा मूळचा रवाळपणा शिल्पकारानं झाकला नाही, कामाला लावला.

हाच माणूस पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधल्या अश्वारूढ शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचा शिल्पकार. साडेतेरा फूट उंचीचा तो ब्राँझचा पुतळा माझगावच्या गोदीत ओतला गेला आणि १९२८च्या जूनमध्ये त्याचं अनावरण झालं. पुण्याचा पुतळा लाखोंनी पाहिलाय, सासवण्याची म्हैस त्यामानानं मोजक्यांनी. महाराष्ट्रातल्या शिल्पकलेची आजची अवस्था समजून घ्यायची तर या दोन कामांमधलं अंतर लक्षात ठेवावं लागतं. पुतळा हा शिल्पाचा एक प्रकार. आपल्याकडे हळूहळू उलटं झालं. शिल्प म्हणजे पुतळाच, आणि पुतळा म्हणजे किती फुटी, एवढाच प्रश्न उरला.

सुरुवात अशी नव्हती. १८९६च्या सुमारास जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या गणपतराव म्हात्रे या विशीच्या आतबाहेरच्या मुलानं ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. ती कुणी राणी नाही, देवी नाही, कुणाचं स्मारक नाही. नऊवारी नेसलेली, पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली एक तरुण बाई. चालता चालता शरीराचा भार एका पायावर आलाय आणि त्यामुळे कमरेपाशी लुगड्याच्या निऱ्यांना जो किंचित हेलकावा बसलाय, त्यात या मूर्तीचा सगळा जीव आहे. माध्यम साधं प्लास्टर. नऊवारी हे शिल्पकारासाठी सोपं वस्त्र नव्हे. ते अंग झाकतंही आणि अंगाचा बाक सांगतंही. एक चुणी चुकली तर बाई लाकडाची होते. जे. जे.च्या अभ्यासात ग्रीक मूर्तींच्या प्लास्टर प्रतींवरून हात बसवला जाई. म्हात्र्यांनी त्या ग्रीक झग्यांच्या चुण्यांचं ज्ञान गिरगावातल्या बाईच्या लुगड्यावर वापरलं.

जॉर्ज बर्डवुड या बड्या इंग्रज कलापंडितानं या कामाची छायाचित्रं पाहून तोंडभर स्तुती केली. त्या स्तुतीतही ग्रीक शिल्पाची आठवण होतीच. याच बर्डवुडनं पुढं १९१० साली लंडनच्या सभेत जावा बेटावरच्या ध्यानस्थ बुद्धमूर्तीला उकडलेल्या पुडिंगची उपमा देऊन मोठं वादळ ओढवून घेतलं. म्हणजे भारतीय हात चालेल, पण डोळा ग्रीक हवा. रवींद्रनाथ ठाकुरांनी मात्र १८९८ साली या शिल्पावर बंगालीत स्वतंत्र लेख लिहिला. मुंबईतल्या एका विद्यार्थ्याच्या कामावर बंगालच्या कवीनं असं भरभरून लिहावं, हे आज नवलाचं वाटतं. आज एखाद्या नव्या शिल्पावर मराठीत किती जण लिहितात?

म्हात्र्यांचं पुढं काय झालं? कामं मिळाली, भरपूर मिळाली. मुंबईतला न्यायमूर्ती रानड्यांचा पुतळा त्यांचा, अहमदाबादची व्हिक्टोरिया राणी त्यांची. रावबहादूर झाले. पण ‘मंदिरपथगामिनी’च्या तोडीचं, स्वतःच्या मर्जीनं केलेलं काम पुन्हा तितक्या ताकदीनं आलं असं म्हणता येत नाही. दोष त्यांचा नाही. संगमरवर महाग, ब्राँझ त्याहून महाग, जागा लागते, मदतनीस लागतात. चित्रकार खोलीचं भाडं थकवूनही चित्र काढू शकतो. शिल्पकाराला आधी गिऱ्हाईक लागतं. आणि गिऱ्हाइकाला चेहरा हवा असतो, ओळखीचा.

करमरकरांनी यातून वाट काढली ती अशी, की चौथऱ्याची कामं करायची आणि अंगण स्वतःसाठी राखायचं. सासवण्यात त्यांच्या घरी गणपती घडवायची परंपरा होती. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या पोरानं काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांनी त्याला जे. जे.ला धाडलं. पुढं कलकत्ता झालं, लंडन झालं, तरी कामात कोकण राहिलंच. ‘शंखध्वनी’, ‘मत्स्यगंधा’, आसपासची माणसं, जनावरं. ‘मत्स्यगंधा’ नाव पुराणातलं, पण अंगकाठी किनाऱ्यावर वावरणाऱ्या कोळणीची. पुण्याच्या पुतळ्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी. वा. सी. बेंद्र्यांनी डच संग्रहातलं शिवाजी महाराजांचं चित्र १९३३ साली लोकांसमोर आणलं. करमरकरांचा पुतळा त्याच्या आधीचा. आज ज्या मुखाकृतीला प्रमाण मानलं जातं ती घरोघर पोचण्यापूर्वीच त्यांनी महाराजांना घोड्यावर बसवलं होतं आणि तरीही लोकांनी ते महाराज मानले.

त्या पुतळ्याचं अनावरण केलं मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी. इतिहासाची गंमत कोल्हापुरात पुरी झाली. तिथं याच विल्सनसाहेबांचा पुतळा भर चौकात उभा होता. बेचाळीसच्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हावीरे या दोन स्त्रियांनी तो विद्रूप केला, आणि १९४५ साली त्या जागी शिवाजी महाराज आले. घडवले बाबूराव पेंटरांनी. चित्रपटाच्या इतिहासात त्यांचं नाव इतकं मोठं आहे की त्यांच्या हातातली माती लोक विसरतात. घाई होती, साधनं तुटपुंजी होती, म्हणून पुतळा अर्धाच झाला. पूर्ण करायला कुणाची हरकत नव्हती, पण पूर्ण करावा असं कुणाला वाटलं नाही. अर्ध्या पुतळ्यानं पूर्ण चौक व्यापलाय.

यानंतरच्या पिढीत सदाशिव साठे. गेटवेसमोरचा शिवाजी महाराजांचा १९६१चा अश्वारूढ पुतळा त्यांचा, दिल्लीच्या जुन्या स्टेशनाजवळचे गांधीजीही त्यांचे. आणि डोंबिवलीत त्यांचं शिल्पालय आहे, जिथं मोठमोठ्या कामांच्या शेजारी छोट्या घडणी पाहायला मिळतात. साठे २०२१ साली पंचाण्णव वर्षांचे होऊन गेले. शिवाजी पार्कवरचा, श्याम सारंग यांनी घडवलेला महाराजांचा पुतळाही साठच्याच दशकातला. तिथं महाराजांच्या हाती उपसलेली तलवार नाही, नुसता हात पुढं केलेला आहे. तलवारीशिवाय शौर्य दाखवणं अवघड. सारंगांनी ते खांद्याच्या आणि मनगटाच्या रेषेवर तोलून धरलं. मैदानात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार हे या परंपरेचं सगळ्यात उंच टोक, शब्दशः. सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा त्यांच्या नावावर. पण त्यांचं सगळ्यात धाडसी काम साठ वर्षांहून जुनं आहे. गांधीसागर धरणावरची चंबळदेवी. पंचेचाळीस फुटांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यातून छिन्नी-हातोडीनं कोरून काढलेली आई आणि तिची दोन लेकरं, म्हणजे चंबळेचं पाणी वाटून घेणारी दोन राज्यं. तिथं उंची मापली कलाकाराच्या हातानं. १८२ मीटरच्या पुतळ्यात कलाकाराचं मूळ काम मातीच्या प्रतिकृतीत असतं. पुढं सगळा कारभार काँक्रीटच्या गाभ्याचा, पोलादाच्या सांगाड्याचा आणि त्यावर चढवलेल्या ब्राँझच्या पत्र्यांचा. हा कमीपणा नव्हे, पण ते वेगळं शास्त्र आहे. लहान प्रतिकृतीत न जाणवणारी चूक वाढवताना हत्तीएवढी होते. खालून पाहणाऱ्याला डोकं बारीक दिसतं, म्हणून ते मुद्दाम थोरलं करावं लागतं. वारा किती भार टाकतो याचं गणित चेहऱ्याच्या भावाइतकंच मोलाचं ठरतं.

हे गणित हुकलं तर काय होतं ते २६ ऑगस्ट २०२४ला मालवणात दिसलं. राजकोट किल्ल्यावर आदल्या डिसेंबरात उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा पस्तीस फुटी पुतळा नऊ महिन्यांच्या आत कोसळला. चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणं पुढं आली. कला संचालनालयाकडून मान्यता घेतली गेली होती ती सहा फुटी मातीच्या नमुन्याला. खाऱ्या वाऱ्याला कोकणातला साधा बिगारीही ओळखून असतो. खिडकीच्या गजाला तो दोनदा रंग काढतो. पुढच्या मे महिन्यात तिथं साठ फुटी नवा पुतळा उभा राहिला. पडला पस्तीस फुटी, उत्तर दिलं साठ फुटांनी. पहिल्यात चेहरा कसा होता, घडण कशी होती, नव्यात काय साधलं, यावर चर्चा जवळजवळ झालीच नाही.

उंचीच्या या हौसेचं सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र अजून पाण्याबाहेर आलेलंच नाही. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन डिसेंबर २०१६मध्ये झालं. २०१८ साली बातमी आली, की आराखड्यात पुतळा साडेसात मीटरनं कमी करून तलवार तेवढीच लांब करायची, म्हणजे एकूण आकडा ढळणार नाही. शिल्पकलेच्या विद्यार्थ्याला प्रमाणबद्धता म्हणजे काय हे शिकवायला यापेक्षा चांगला धडा सापडणार नाही. माणसाचं शरीर आणि त्याच्या हातातलं शस्त्र यांचं नातं फुटपट्टीनं ठरलं. इंदू मिलच्या जागेवरच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याची उंचीही अडीचशेवरून साडेतीनशे फुटांवर गेली.

या धामधुमीत ज्यांनी पुतळा केलाच नाही त्यांचं काय? आदी दावियरवाला औषधनिर्माणशास्त्राच्या वाटेनं आले आणि धातू-लाकडाच्या अमूर्त आकारांत रमले. पिलू पोचखानवाला यांनी भंगार जोडून, वितळजोड करून शिल्पं उभी केली. त्यांचं ‘स्पार्क’ हाजी अलीच्या चौकात होतं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ते तिथून उखडलं गेलं आणि भंगारात निघालं. भंगारातून शिल्प घडवणाऱ्या बाईंच्या शिल्पाचं पुन्हा भंगार झालं. हेच एखाद्या पुढाऱ्याच्या पुतळ्याबाबत घडलं असतं तर शहर बंद पडलं असतं. ‘स्पार्क’साठी हळहळले ते मूठभर कलावंत. आज त्याच परिसरात वलय शेंडे यांचा धातूचा डबेवाला आहे आणि लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. त्याला नाव नाही, जयंती नाही, तरी माणूस म्हणून तो ओळखू येतो, हा आशेचा भाग. सोलापूरच्या भगवान रामपुरे यांचा शेअर बाजारासमोरचा ब्राँझचा बैलही असाच लोकांनी आपलासा केला. काळ्या घोड्याच्या चौकात २०१७ साली श्रीहरी भोसले यांनी घोडा आणला तो स्वाराशिवाय. तिथल्या मूळच्या घोड्यावर बसलेला एडवर्ड राजा भायखळ्याला गेला, नाव राहिलं घोड्याचं.

अर्थात पुतळ्यांना सरसकट नावं ठेवणं हा उथळपणा होईल. रघुनाथ कृष्ण फडक्यांचे गिरगाव चौपाटीवरचे लोकमान्य घ्या. फडके मूळ वसईचे, पुढं धारला स्थायिक झाले. त्यांचा स्टुडिओ आजही त्या गावाची ओळख आहे. त्यांच्या टिळकांमध्ये आवेश नाही, जडपणाही नाही. समोरच्या वाळूवर भेळ खाणाऱ्यांच्या गर्दीत तो माणूस परका वाटत नाही.

महाराष्ट्रात सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेलं आधुनिक शिल्प कुठलं? स्पर्धेत बहुधा कुणी टिकणार नाही: शिर्डीच्या समाधी मंदिरातली साईबाबांची संगमरवरी मूर्ती. मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी ती घडवली आणि १९५४ साली तिची स्थापना झाली. एका पायावर दुसरा पाय टाकून बसण्याची ती ठेवण आता देशभर इतकी रुळली आहे की कॅलेंडरं, लॉकेटं, रिक्षांच्या काचा, सगळीकडे बाबा तालीमांच्या बैठकीतच बसतात. दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभ्या राहिलेल्या माणसाला शिल्पकाराचं नाव विचारलं तर तो गोंधळतो. मूर्ती कुणी ‘केली’ असेल हेच त्याच्या मनात आलेलं नसतं. तालीमांनी दगडात कफनीच्या चुण्या कोरल्या, गुडघ्यावरून ओघळणारं कापड कोरलं. मूर्तीला पहाटे मंगलस्नान घालतात तेव्हा ते काम क्षणभर दिसतं. मग रेशमी वस्त्र चढतं, हार चढतात, वर मुकुट येतो, आणि उरतो तो चेहरा.