यादीबाहेरचे रुग्ण : महासाथीतल्या लैंगिक आरोग्यसेवेकडे पाहताना

कोविडच्या दोन वर्षांत एचआयव्ही आणि लैंगिक आजारांच्या सरकारी सेवा बंद पडल्या नाहीत, त्या 'बदलत्या परिस्थितीशी जुळवून' चालू राहिल्या, अशा अर्थाचे विधान त्या काळाविषयीच्या लिखाणात सतत भेटते. ते खोटे नाही. पण कोणासाठी चालू राहिल्या, हा प्रश्न त्या विधानाला विचारला की त्याचे दोन तुकडे होतात. जालन्यासारख्या जिल्ह्यात राहून हे साहित्य वाचणाऱ्याला ते अधिक ठळकपणे दिसतात.

आधी व्यवस्था कशी आहे ते पाहू. 'गुप्तरोग' या शब्दावर बसस्टँडमागच्या भिंती रंगवणाऱ्या वैदूंनी इतका कब्जा केला होता, की राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे 'नॅको'ने, आपल्या दवाखान्यांना 'सुरक्षा क्लिनिक' हे नाव दिले. तिथली उपचारपद्धती लक्षणसमूहावर चालते. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता, दिसणाऱ्या लक्षणांवरून औषधांचा तयार संच दिला जातो. असे सात संच आहेत आणि प्रत्येकाला रंग आहे. करड्या संचात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, दोन्ही एकदाच घ्यायच्या गोळ्या. हिरव्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल. पांढऱ्यात पेनिसिलिनचे इंजेक्शन असते, म्हणून तो घरी घेऊन जाण्यासारखा नाही. ज्यांना पेनिसिलिन चालत नाही त्यांच्यासाठी निळा. आपल्याकडे ज्याला परमा म्हणतात त्याला करडा, बाईच्या अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीवर तपासणीनुसार हिरवा किंवा करडा. प्रयोगशाळा नको, फेऱ्या कमी, औषध स्वस्त. महासाथीसाठीच आखली असावी अशी ही पद्धत होती.

पण महासाथीत धावली ती दुसरीच सेवा. एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रांनी एरवी महिन्याला मिळणारा साठा दोन-तीन महिन्यांचा एकदम द्यायला सुरुवात केली. कुठे तो लिंक केंद्रावर, कुठे स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांमार्फत थेट रुग्णापर्यंत गेला. २०१९च्या अंदाजानुसार महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणारे सुमारे ३ लाख ९६ हजार लोक होते, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. मे २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि यूएनएड्स यांनी इशारा दिला होता की सहा महिने ही औषधे तुटली तर केवळ सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत पाच लाख जादा मृत्यू होऊ शकतील. ते संकट इथे बऱ्याच अंशी टळले, याचे श्रेय समुपदेशक, औषधनिर्माते आणि गावोगाव पाकिटे पोहोचवणाऱ्यांना दिलेच पाहिजे. त्यात हात आखडता घेण्याचे कारण नाही.

हे जमले कशामुळे? यादीमुळे. एआरटी केंद्राकडे रुग्णाचे नाव, पत्ता, फोन, पुढच्या भेटीची तारीख असते. कोण आला नाही हे कळते, म्हणून त्याच्यापर्यंत जाता येते. गरोदर बाईचेही तसेच. तिचे नाव आशाताईच्या वहीत असते आणि एचआयव्ही-सिफिलिसची तपासणी त्या नोंदीला जोडलेली असते. सुरक्षा क्लिनिकची गोष्ट उलटी आहे. तिथे येणारा माणूस आपण कुठल्या यादीत जाणार नाही या भरवशावर येतो. तो एकदा येतो, संच घेतो, पुन्हा दिसत नाही. त्याने दवाखान्यात यायचे थांबवले तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

यादीत असण्याचीही किंमत होती, हे अहवालांत फारसे येत नाही. टाळेबंदीत जिल्ह्याच्या हद्दी बंद झाल्या. बाहेर पडायला पास, पासाला कारण. भोकरदन किंवा मंठ्याहून जालन्याला औषधासाठी निघालेल्या माणसाने नाक्यावर काय दाखवायचे? त्याच्याजवळचा पुरावा म्हणजे एआरटी केंद्राचे हिरवे पुस्तक. ते दाखवणे म्हणजे वर्षानुवर्षे शेजाऱ्यापासून जपलेली गोष्ट, कदाचित आपल्याच तालुक्याच्या असलेल्या शिपायाला सांगणे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायदा २०१७चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ला. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करू नये असे तो सांगतो. नाक्यावरच्या प्रसंगाचा विचार त्यात कसा असणार? घरपोच औषधाचेही असेच. शहरात पाकीट कोणाचे हे कोणी विचारत नाही. ज्या गावात मोटारसायकल कुणाच्या दारात थांबली हे अर्ध्या तासात सर्वांना कळते, तिथे घरपोच सेवा ही नेहमीच सोय असते असे नाही.

यादीचा आणखी एक नमुना देहविक्री करणाऱ्या स्त्रियांचा. २९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, बुद्धदेव कर्मास्कर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, नॅकोने ओळख पटवलेल्या महिलांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा देण्याचा आदेश दिला. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये, शाळेत जाणारी मुले असतील तर आणखी २,५०० रुपये जाहीर केले. आधारकार्ड नसतानाही माणूस मोजता येतो हे यातून दिसले, आणि या निर्णयाचे महत्त्व मला त्यामुळेच वाटते. पण मोजणीचा आधार पुन्हा आरोग्य कार्यक्रमातली नोंद हाच होता. वस्तीत राहणारी, संस्थेशी जोडलेली बाई त्यात येते. धाब्यावर किंवा फोनवरून व्यवसाय करणारी, घरी कुणाला पत्ता नसलेली बाई नोंद टाळतच जगत असते.

आता जालना जिल्ह्यात यादीबाहेर कोण होते ते पाहा. एक, पोलाद कारखान्यांतले परप्रांतीय कामगार. ८ मे २०२०च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोप लागलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याच्या कारखान्यातून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे निघाले होते. देश त्यांना त्या दिवशी ओळखू लागला. आरोग्य कार्यक्रमाच्या भाषेत असे स्थलांतरित आणि ट्रकचालक हे 'दुवा गट' असतात, म्हणजे संसर्ग एका समूहातून दुसऱ्यात नेऊ शकणारे. कागदावर त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम आहे. पण तो त्यांच्या कामाच्या जागी चालतो. काम थांबले, माणूस चालू लागला, की कार्यक्रमाला त्याचा पत्ता राहत नाही.

दुसरा गट अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा. मार्च २०२०मध्ये राज्यातले लाखाहून अधिक ऊसतोड मजूर फडातच अडकले आणि एप्रिलच्या मध्यावर त्यांना घरी जायची परवानगी मिळाली. कोपीत राहायचे, अंघोळीला आडोसा नाही, पाळीतही मोळ्या उचलायच्या. अंगावरून जाणे हा आजार त्या बायका आजार म्हणून सांगतही नाहीत. शेजारच्या बीड जिल्ह्यात काय झाले ते २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आले: पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. पांढरे जाते, ओटीपोट दुखते म्हणून खासगी दवाखान्यात गेलेल्या कित्येकींना पुढे कॅन्सर होईल अशी भीती घातली गेली. हिरव्या संचातल्या दोन औषधांची एकच मात्रा आणि गर्भाशयाची शस्त्रक्रिया, या दोहोंत जे अंतर आहे तेवढेच अंतर वेळेवर उघड्या असलेल्या सुरक्षा क्लिनिकचे मोल आहे. सगळ्याच जणींना संचाने बरे वाटले असते असे कोणी म्हणणार नाही. पण पहिली पायरीच नसेल तर माणूस थेट शेवटच्या पायरीवर जातो.

तिसरा यादीबाहेरचा म्हणजे जोडीदार. गरोदर बाईला सिफिलिस निघाला तर ती नोंदीत असते, नवरा नसतो. तो दुसऱ्या जिल्ह्यात अडकलेला असेल तर तिचे इंजेक्शन पूर्ण होऊनही संसर्ग घरात परत येतो. जोडीदारावर उपचार हा या कार्यक्रमाचा पहिल्यापासूनचा दुबळा दुवा. महासाथीत तो दुवा तुटलाच.

मग हे लोक गेले कुठे? टाळेबंदीत उघडी राहिली ती औषधांची दुकाने. त्या काळात अझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन कोविडवरची औषधे म्हणून घरोघर पोहोचली. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांनी डिसेंबर २०२० आणि जानेवारी २०२१मध्ये त्यांचा कोविडवर उपयोग दिसत नाही असे सांगितले, तरी खप थांबला नाही. आता हीच दोन नावे सुरक्षा क्लिनिकच्या संचांवर पाहा: पहिल्यात, तिसऱ्यात, चौथ्यात, सहाव्यात, सातव्यात यांपैकी एक तरी आहेच. परम्याचे जंतू औषधांना दाद न देण्यात आधीच तरबेज आहेत. तापावर अर्धी, खोकल्यावर पाऊण अशी घेतलेली ही औषधे उद्या संचालाच निकामी करू शकतात. कोविडच्या उपचारपत्रकांची चर्चा खूप झाली. या बाजूने ती क्वचितच झाली.

'ऑनलाइन' सेवेचा मोठा बोलबाला झाला. २५ मार्च २०२०ला दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे आली, एप्रिलमध्ये ई-संजीवनीची बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली. इंग्लंडमध्ये तपासणीचा संच टपालाने घरी मागवायची सोय आधीपासून होती, ती महासाथीत वाढली. तिथे २०२०मध्ये नव्या लैंगिक आजारांची नोंद आदल्या वर्षापेक्षा ३२ टक्क्यांनी घटली, आणि त्यांच्या आरोग्य खात्यानेच सांगितले की यात तपासण्या घटल्याचाही भाग आहे. आपल्याकडेही तपासण्या घटल्या, पण घटलेल्या आकड्याखाली अशी तळटीप लिहिण्याची सवय आपल्या जिल्हा अहवालांना नाही. शिवाय त्या सोयीमागे स्वतःची खोली, स्वतःच्या नावाची टपालपेटी, स्वतःचा फोन गृहीत आहे. ज्या घरात एकच स्मार्टफोन आणि तोही मुलांच्या शाळेसाठी, तिथे सून त्यावर डॉक्टरांना काय दाखवणार आणि काय बोलणार?

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले. ज्यांना नाव सांगायची लाज वाटते त्यांच्याशी बोलायचे तर लाज जाईपर्यंत थांबून चालत नाही, हे त्यांच्या कामातून दिसते. आपली महासाथीतली सेवा मात्र नाव सांगणाऱ्यांपर्यंतच गेली. त्या वेळचे राज्याचे आरोग्यमंत्री घनसावंगीचेच आमदार होते, त्यामुळे जालन्याकडे लक्ष नव्हते असे म्हणता येणार नाही. अडचण रचनेत होती.

ती रचना बदलायची तर काही गोष्टी अगदी साध्या आहेत. पांढरा संच सोडला तर बाकीचे संच केसपेपरवर नाव न लिहिता, नुसत्या क्रमांकावर, प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळू शकतात. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या गट कार्यालयात आठवड्यातून एक दिवस परिचारिका बसू शकते. जोडीदाराचा संच बाईच्याच हाती, समजावून, देता येईल का यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. ते उघडपणे मांडले गेले पाहिजेत. आणि नाक्यावरच्या पासावर 'वैद्यकीय' एवढा एक शब्द पुरेसा धरला पाहिजे, असा लेखी आदेश पुढच्या साथीची वाट न पाहता आजच निघू शकतो.